विलिस हेलिवेल आणि माळावरची ट्राम

थ्रॉसलडेनच्या दरीत विलिस हेलिवेल आठवड्याचे सहा दिवस बसचा ड्रायव्हर होता आणि रविवारी फोटोवाला. रविवारी चॅपलची घंटा वाजायची, लोक चढण चढून वर जायचे आणि हा गृहस्थ नेमका उलट्या दिशेला कालव्याच्या काठाने चाललेला दिसायचा. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर लाकडी स्टँड, कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं चीजचं सँडविच. "विलिस, देवाचा फोटो कधी काढणार?" असं कोणी टोकलं की म्हणायचा, "तो कुठे पडायला आलाय? आधी पडायला आलेल्यांचा नंबर."

आणि पडायला आलेलं त्या दरीत काय कमी होतं! कापडगिरण्या एकेक करून बंद होत होत्या. विलिस त्यांची धुराडी टिपायचा. कालव्याचे कुजलेले लाकडी दरवाजे, लोकरीचे गठ्ठे वाहणाऱ्या घोड्यांसाठी कधीकाळी बांधलेला अरुंद दगडी पूल, शेवाळाने अक्षरं भरलेले मैलाचे दगड, टोलनाक्याचं आठकोनी घर, बाजारपेठेत डांबराखालून मधूनच डोकं वर काढणारे ट्रामचे रूळ. गल्लीतून कोणी बाई पिशवी घेऊन येताना दिसली, की ती निघून जाईपर्यंत तो थांबायचा. पोरं आडवी आली तर त्यांना हाकलायचा. "माणसं काय, येतात आणि जातात," म्हणायचा. लग्न त्याने केलंच नाही. जिन्याखालच्या कोंदट खोलीत तो फोटो धुवायचा आणि बुटांच्या खोक्यांत भरून ठेवायचा. ते बघायला कोणी येत नसे आणि तोही कोणाला बोलवत नसे.

त्याचा धाकटा भाऊ आर्नल्ड. तो आधी खाणीत होता, मग पाडकामाच्या कंपनीत गेला आणि तिथे सुरुंगाच्या कामात त्याचा हात बसला. दरीतली निम्मी धुराडी आर्नल्डनेच खाली आणली. दोन घरांच्या मधल्या बोळात तो भलंमोठं धुराडं असं अलगद निजवायचा, की शेजारच्या खिडकीची काच हलत नसे. लोक पोराबाळांना घेऊन, थर्मासमध्ये चहा भरून बघायला यायचे.

म्हणजे एक भाऊ टिपणार आणि दुसरा पाडणार. त्या काळी रविवारच्या जेवणाला दोघे आईकडे जमत. आर्नल्ड बटाटे वाढून घेता घेता म्हणायचा, "पुढच्या महिन्यात खालच्या गिरणीचं धुराडं घेतोय. तुझा फोटो झाला का?"

"झालाय."

"मग पाडू?"

"नको म्हटलं तर थांबशील?"

"नाही."

"मग विचारतोस कशाला?"

"मोठा भाऊ आहेस, रीत म्हणून विचारलं," आर्नल्ड म्हणायचा आणि आईसकट सगळे हसायचे.

हे हसणं संपलं ते कमानपुलावरून.

दरीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत गेलेला तो रेल्वेचा पूल. उंच दगडी कमानी, खाली नदी, कालवा आणि कामगारांच्या घरांच्या ओळी. पुलाच्या टोकाला सिग्नलची केबिन होती आणि त्या केबिनमध्ये या दोघांच्या वडिलांनी आयुष्य काढलं होतं. लहानपणी दोघे भाऊ त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जायचे. मालगाडी पुलावरून जायला लागली की केबिनच्या फळ्या थरथरायच्या, पोरांचे दात एकमेकांवर वाजायचे आणि वडील म्हणायचे, "घाबरू नका रे. हा पूल तुमच्या नातवांना पुरेल." वडील गेले. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले गेले, कमानींच्या सांध्यांतून झाडं उगवली. दगड सुटून घरांवर पडायला लागले, तेव्हा पूल पाडायचं ठरलं आणि काम आर्नल्डच्या कंपनीला मिळालं.

विलिसने थंडीत बाजाराच्या दारात उभं राहून पूल वाचवायला सह्या गोळा केल्या. लोक सही करायचे आणि पुढे जायचे. शेवटी एका संध्याकाळी तो भावाच्या घरी गेला.

"तू नाही म्हण," त्याने दारातच सांगितलं.

"मी नाही म्हटलं तर दुसरा कोणी पाडेल," आर्नल्ड म्हणाला. "आणि तो वाईट पाडेल. खाली लोक राहतात, विलिस."

"बापाचा पूल आहे तो."

"बाप सिग्नलवाला होता. पूल रेल्वेचा होता."

"तुझ्या हाताला लाज कशी वाटत नाही?"

आर्नल्डचा चेहरा उतरला. "आत ये, चहा घे," तो म्हणाला. विलिस आत गेला नाही.

पूल पाडला तो एका रविवारी सकाळी. जायचं नाही असं विलिसने मनाशी पक्कं केलं होतं. पण पाय काही ऐकेनात. सगळी दरी दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर जमली होती. तो गर्दीपासून लांब, एका दगडी कुंपणापाशी उभा राहिला. कॅमेरा हातात होता तो सवयीने. भोंगा झाला. क्षणभर काहीच घडलं नाही, पक्षीसुद्धा गप्प. मग खांबांच्या पायाशी धूर उमटला, खांब गुडघ्यात वाकले आणि वरच्या कमानी तशाच हवेत तरंगत राहिल्या, जणू आपल्या खाली काही उरलं नाही हे त्यांना कळलंच नव्हतं. विलिसच्या बोटाने बटण दाबलं. आवाज त्यानंतर आला. पुढे धुळीचा लोट दरीभर पसरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विलिस कुंपणाला टेकून खाली बसला. धूळ बसली तेव्हा पलीकडची टेकडी त्याला पहिल्यांदाच सबंध दिसली.

तो फोटो गावच्या वर्तमानपत्राने मागितला. तिथून तो लांबच्या शहरांतल्या पेपरांत गेला. कुठे कुठे छापून आला. लोक बसमध्ये चढता चढता पाठीवर थाप मारायला लागले, "काय फोटो काढलास, राजा! वा!" विलिसला ते नकोसं झालं. वीसएक वर्षं त्याने उभ्या असलेल्या गोष्टी टिपल्या, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. जगाला हवी होती ती फक्त पडतानाची.

काही दिवसांनी आईचा काही निरोप सांगायला त्याला भावाकडे जावं लागलं. आर्नल्ड घरी नव्हता. त्याच्या बायकोने, थेल्माने, दार उघडलं. विलिस आत आला आणि त्याची नजर फायरप्लेसच्या वर गेली. तिथे पेपरातून कापलेला तोच फोटो काचेच्या चौकटीत लावलेला होता. शिकाऱ्याने मारलेल्या हरणाचं मुंडकं भिंतीवर लावावं, तसा. विलिसने निरोप सांगितला, टोपी डोक्यावरून काढलीच नव्हती, तसाच बाहेर पडला. त्यानंतर त्याने त्या घरात पाऊल टाकलं नाही. आई वारली तेव्हा दोघे भाऊ कबरीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोन वाटांनी घरी गेले. अशी दहा-अकरा वर्षं गेली.

मग एका पावसाळी दुपारी थेल्मा त्याच्या बसमध्ये चढली. काही न बोलता मागे जाऊन बसली. माळाच्या पायथ्याशी शेवटचा थांबा येतो, तिथे सगळे उतरले तरी ती उतरेना. विलिसने इंजिन बंद केलं.

"शेवटचा थांबा आहे," तो पाठमोराच म्हणाला.

"मला ठाऊक आहे. मी इथेच जन्मले," थेल्मा म्हणाली. "आर्नल्डचं बरं नाही, विलिस. छातीत धूळ साठलीय. इतकी वर्षं सगळी गावं पाडली ना, ती बसलीत आत. जिना चढवत नाही आता."

विलिस समोरच्या काचेवरून ओघळणारं पाणी बघत राहिला.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर हवामानाबद्दल बोलतात, त्यावरून काय ते समज." मग ती उठून त्याच्या सीटपाशी आली. "तुला बोलवलेलं नाही त्याने. मी आलेय ते त्याला माहीतही नाही. कळलं तर मलाच ओरडेल. पण तू ये."

त्या रविवारी विलिस कालव्याकडे गेला नाही. डुकराचं मांस भरून भाजलेला पोर्क पाय घेऊन भावाच्या दारात उभा राहिला. माफी वगैरे शब्द त्या घराण्यात कोणी वापरत नसे. पोर्क पाय आणत.

आर्नल्ड खिडकीपाशी खुर्चीत होता. पूर्वीचा धिप्पाड गडी, आता कोटाच्या आत हरवल्यासारखा. "ये," तो म्हणाला. "म्हातारा दिसायला लागलास."

"तूही काही नवरदेव दिसत नाहीस."

फोटो अजून तिथेच होता, फायरप्लेसच्या वर. कागद पिवळा पडला होता. विचारायचं नाही म्हणता म्हणता विलिसने विचारलंच, "अजून लावून ठेवलायस हा?"

"मग काय काढून ठेवू?"

"तुझी कर्तबगारी."

"माझी?" आर्नल्डला खरंच कळेना. दम खात खात तो म्हणाला, "माझं नाव कुठे आहे त्यात? खाली वाच की. चष्मा लाव."

विलिसने जवळ जाऊन वाचलं. फोटोखाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं: छायाचित्र, विलिस हेलिवेल.

"आपल्या घरातलं नाव पेपरात छापून आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं," आर्नल्ड म्हणाला. "बाप मेला तेव्हा त्याचं छापलं होतं, तेही चुकीचं. आठवतंय? हॅलोवेल. आई आठवडाभर रडत होती. म्हणून हे लावलं. घरी कोणी आलं की दाखवतो, हे आमच्या विलिसने काढलंय. तुला काय वाटलं होतं?"

विलिस फोटोकडे तोंड करून उभाच राहिला. थेल्मा चहा घेऊन आली होती. "इतकी वर्षं मी हेच ऐकतेय," ती म्हणाली, "आमच्या विलिसने काढलंय, आमच्या विलिसने काढलंय. आणि आमचा विलिस रस्त्यात दिसला की पलीकडच्या फुटपाथवर." तिने कप जरा जोरातच ठेवला. "बसा आता दोघे. मी तो पोर्क पाय कापते."

त्यानंतर विलिस दर रविवारी बुटांचं एक खोकं बगलेत मारून यायला लागला. आर्नल्ड मांडीवर उशी घेऊन एकेक फोटो बघायचा. हे धुराडं कसं पडलं, त्याच्या पायथ्याशी काय सापडलं, कोणत्या गिरणीचं बांधकाम इतकं चोख होतं की पाडताना त्याला वाईट वाटलं, हे सांगायचा. वाईट वाटलं, हे विलिस पहिल्यांदाच ऐकत होता. एकदा आर्नल्डने हातातले फोटो खाली ठेवले.

"हे सगळं रिकामं का रे? साथ येऊन गाव मेल्यासारखं वाटतंय."

"माणसं मधे आली की इमारत दिसत नाही."

"आणि माणसं नसली तर इमारत कशाला दिसायला हवी?" आर्नल्ड म्हणाला आणि मग त्याला खोकल्याची उबळ आली, म्हणून तो वाद तिथेच राहिला.

पुढच्या खोक्यात ट्रामच्या रुळांचे फोटो होते. विलिस म्हणाला, "ट्राम मात्र एकही मिळाली नाही. किती शोधली. बंद झाल्या तेव्हा सगळ्या जाळल्या म्हणतात."

"सगळ्या नाही. एक आहे."

"कुठे?"

"वर, माळावर. उटलींच्या शेतात. क्रिकेटवाल्यांनी ती कपडे बदलायला घेतली होती. त्यांना नकोशी झाली तेव्हा मी, खाणीच्याही आधी, भंगारवाल्याकडे कामाला होतो. आम्हीच ती ट्रेलरवर चढवून वर नेली. उटलीला कोंबड्यांसाठी हवी होती."

विलिस उभाच राहिला. "आणि हे तू आज सांगतोयस?"

"तू कधी विचारलंस?"

"मी दरीतल्या प्रत्येक माणसाला विचारलंय!"

"माझ्याशिवाय," आर्नल्ड म्हणाला.

पुढच्या रविवारी विलिसने भावाला आपल्या छोट्या गाडीत बसवलं. थेल्माने त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली आणि दोघांनाही दटावलं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, वर हेदरच्या झुडपांची जांभळी फुलं आणि वारा. फाटकापाशी रबरी बूट घातलेली एक म्हातारी आली, ती मिसेस उटली.

"अंडी हवीत का?"

"ट्राम हवीय," विलिस म्हणाला.

"अंडी त्यातच आहेत," ती म्हणाली आणि फाटक उघडलं.

गोठ्याच्या मागे, वारा अडेल अशा जागी ती उभी होती. चाकं नव्हती, छतावर पत्रा ठोकलेला. पण खिडक्यांच्या कमानी शाबूत होत्या, आणि कोंबड्यांच्या विष्ठेखाली, सोललेल्या हिरव्या रंगाच्या खाली, गावाच्या नावाची सोनेरी अक्षरं होती. विलिसने रुमालाने एक अक्षर पुसलं, मग दुसरं.

आर्नल्ड काठी टेकत, भावाचा दंड धरत पायरीवर चढला आणि आत जाऊन एका लाकडी बाकावर बसला. तो ट्रामचाच बाक होता, पाठ पुढेमागे उलटवता येणारा. आर्नल्डने पाठ ढकलली. खट्ट आवाज झाला आणि कोंबड्या ओरडत पळाल्या. एक तांबडी कोंबडी तेवढी हलली नाही, त्याच्या शेजारीच बसून राहिली. आर्नल्ड हसायला लागला, हसता हसता खोकला आणि खोकता खोकता परत हसला.

"काढ की फोटो," तो म्हणाला.

विलिसने स्टँड लावला. "तू जरा बाजूला हो."

"मला दम लागलाय. मी नाही होत बाजूला. मला घेऊनच काढ."

विलिसने काचेतून पाहिलं. खिडकीतून तिरपा उजेड भावाच्या गालावर पडला होता. वडील केबिनमध्ये दुपारी टेकायचे तेव्हा असेच दिसायचे, हे त्याला तेव्हाच जाणवलं. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. इमारतीसाठी रोल वाचवून वाचवून वापरणारा तो माणूस, त्या दिवशी सबंध रोल त्याने एका भावावर आणि एका कोंबडीवर संपवला.

नवीन खुराडं बांधून द्यायचं, या अटीवर मिसेस उटली ट्राम द्यायला तयार झाल्या. पलीकडच्या परगण्यात जुन्या ट्राम दुरुस्त करून चालवणारी हौशी मंडळी होती. विलिसने त्यांना बोलावलं. त्यांनी ट्रामभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. लाकूड पार सुकलेलं, उचलायला गेलं तर मोडेल. तेव्हा आर्नल्ड म्हणाला, "कुठली गोष्ट कुठे मोडते ते मला विचारा. आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही." उचलायचे पट्टे कुठून फिरवून घ्यायचे, आत आडवे वासे कुठे ठोकायचे, आधी कुठली बाजू सैल करायची, ते त्याने घोंगडी पांघरून गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. ट्राम उचलायच्या दिवशी माळावर धुकं होतं. क्रेनच्या आकड्याला ट्राम लटकली आणि लाकूड करकरलं.

"हळू!" खिडकीची काच खाली करून आर्नल्ड ओरडला. "म्हातारीला उचलताय, पोतं नाही!"

ट्राम ट्रकवर टेकली, एक काचही न फुटता. त्याने डोळे मिटले. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी अख्खं खाली आणलं," तो म्हणाला. विलिसने त्याच्या गुडघ्यांवरची घोंगडी सारखी केली.

त्याच हिवाळ्यात आर्नल्ड गेला. शेवटच्या दिवसांत बोलायला दम नव्हता. विलिस शेजारी बसून रस्त्यावरच्या गमती सांगायचा, कोणत्या थांब्यावर कोण काय म्हणालं ते, आणि तो डोळ्यांनी ऐकायचा. चॅपलमध्ये शवपेटीवर ठेवायला फोटो हवा होता. थेल्माने सगळे कप्पे उपसले. लग्नाचा एक होता, त्यात तो मिसरूड फुटलेला पोरगा. बाकी काही नाही. विलिसने आपल्या कोटातून एक पाकीट काढलं.

थेल्माने पाहिलं. "शेजारी कोंबडी आहे," ती म्हणाली.

"मी ती कापून टाकतो."

"काही कापायचं नाही," ती म्हणाली आणि तेव्हा कुठे ती रडली. विलिसला अशा वेळी काय करायचं ते ठाऊक नव्हतं. त्याने किटली चुलीवर ठेवली. चॅपलमध्ये पाद्र्याने फोटोकडे दोनदा बघितलं, पण बोलला काही नाही. मागच्या बाकांवर पाडकामवाले बसले होते, चांगल्या कोटांतली रांगडी माणसं. त्यांनी स्तोत्र इतक्या मोठ्याने म्हटलं, की ऑर्गन ऐकू येईना.

ट्राम दुरुस्त व्हायला पुष्कळ वर्षं लागली. तोवर विलिस नोकरीतून निवृत्त झाला होता आणि त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. पलीकडच्या परगण्यात ट्राम पहिल्यांदा रुळांवर चालली त्या दिवशी त्याने थेल्माला सोबत नेलं. हिरवा रंग लकाकत होता. टाय लावलेले साहेब लोक भाषणं करत होते. या दोघांना खिडकीची जागा मिळाली. घंटी वाजली, ट्राम हलली, लाकूड करकरलं. थेल्मा काचेतून बाहेर बघत होती.

"कसलं ओरडतंय हे," ती म्हणाली. "असंच असायचं?"

"मला नाही आठवत. आम्ही फार लहान होतो."

"धाकटा असून आर्नल्डला आठवलं असतं."

"हो," विलिस म्हणाला. "त्याला आठवलं असतं."

रूळ थोडेच होते. टोकाला जाऊन ट्राम थांबली आणि परतीसाठी सगळे उठून बाकांच्या पाठी उलटवायला लागले. सगळीकडे खट्ट खट्ट आवाज झाला. थेल्मा मात्र उठेना. पाय गारठलेत म्हणाली. विलिसने विचारलं, "इथेच उतरू या का? पलीकडे चहाची टपरी दिसतेय."

"चल," ती म्हणाली. तो आधी उतरला, वळून त्याने हात पुढे केला आणि तिला जपून खाली घेतलं.